मधाची दारू, मळीची रम आणि बांधावरच्या मधपेट्या

गेल्या मार्च महिन्यात एका रविवारी मिस्सा आटोपून आम्ही सॅक्रिस्टीत वस्त्रे उतरवीत होतो, तेव्हा कंग्राळीची एक बाई दाराशी येऊन उभी राहिली. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात मधाची बाटली. मोबाईलवर पुण्याकडच्या एका कारखान्याचे चित्र होते. स्टीलच्या उंच टाक्या, आणि पुढे मांडलेल्या सोनेरी रंगाच्या बाटल्या.

"फादर, हे लोक मधाची दारू करतात म्हणे. आमच्यासारख्यांकडनं मध घेतात असं बहीण सांगत होती. दारू करणाऱ्याला मध विकलं तर पाप लागतंय काय हो?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. या बाईचे सासरे दारूपायी गेले. नवरा फौजेतून निवृत्त होऊन आला तो कॅन्टीनच्या कोट्याची सवय घेऊनच आला. चार वर्षांपूर्वी मोठ्या आजारातून उठला आणि त्याने बाटली सोडली. ती पुन्हा घरात येऊ नये म्हणून ही बाई डोळ्यांत तेल घालून जपते. बांधावर सातेरी माश्यांच्या चार पेट्या तिनेच सांभाळलेल्या आहेत, मुलीच्या फीला हातभार लागावा म्हणून. आम्ही तिला म्हटले, "पुढच्या रविवारी सांगतो." प्रत्यक्षात पुष्कळ रविवार लागले. त्या काळात जे वाचले, विचारले आणि पाहिले ते या पानातून सर्वांपुढे ठेवीत आहोत. कारण मध, ऊस आणि दारू या तिन्ही गोष्टी आपल्या बहुतेक घरांना या ना त्या वाटेने शिवतात.

मधाच्या दारूला मीड म्हणतात. आपला 'मधु' आणि हा 'मीड' हे शब्द एकाच जुन्या मुळातून आलेले आहेत, यावरूनच ही वस्तू किती जुनी असावी हे कळते. द्राक्षे सगळीकडे होत नाहीत, पण मधमाशी जवळजवळ सगळीकडे असते. इथिओपियातील ख्रिस्ती लोक सणासुदीला आजही 'तेज' नावाची मधाची दारू पितात. आपल्या देशात कारखाना काढून मीड करण्याचा उद्योग मात्र अगदी अलीकडचा आहे. पुण्याला रोहन रेहानी आणि नितीन विश्वास या दोघा मित्रांनी 'मूनशाइन मीडरी' काढली आणि २०१८ साली त्यांचे मीड बाजारात आले. देशातील पहिली मीडरी म्हणून तिचे नाव घेतले जाते. त्या वेळी अबकारी नियमांत मीड हा प्रकारच नव्हता, त्यामुळे परवाना कोणत्या नावाने द्यावा इथपासून अडचण होती. पुढे नाशकात योगिनी बुधकर आणि अश्विनी देवरे या दोघींनी 'सेराना मीड्स' सुरू केली. त्यांनी जांभूळ घालूनही मीड केले आहे. सेराना हे नाव आपल्या सातेरी माशीचे आहे. तिचे शास्त्रीय नाव एपिस सेराना. जी माशी आपल्या बांधावर फिरते तिचेच नाव बाटलीवर गेले, हे त्या बाईला सांगितले तेव्हा ती थोडी हसली.

आता मीड होते कसे ते पाहू. ते समजले की मध का बिघडतो हेही समजते, आणि मधपाळाला त्याचीच जास्त गरज आहे. पिकलेल्या मधात साखर सुमारे ८० टक्के आणि पाणी १७ ते १८ टक्के असते. इतक्या कमी पाण्यात यीस्ट जगू शकत नाही, म्हणून चांगला मध वर्षानुवर्षे आंबत नाही. त्यात पुरेसे पाणी घातले की यीस्टला वाट मोकळी होते. ते साखर खाते, मद्यार्क सोडते, आणि वायूचे बुडबुडे वर येतात. साधा हिशेब असा की १ लिटर पाकात १७ ग्रॅम साखर आंबली की १ टक्का मद्यार्क तयार होतो. म्हणजे १ किलो मधापासून साडेसहा टक्क्यांचे मीड सुमारे ७ लिटर होईल, आणि द्राक्षाच्या वाईनसारखे १२ टक्क्यांचे कडक केले तर ४ लिटर. मधात साखर भरपूर असली तरी यीस्टला लागणारे नत्र फार थोडे असते. पिकाला युरिया कमी पडला तर पीक जसे रेंगाळते तसे हे आंबणेही रेंगाळते. म्हणून कारखान्यात यीस्टला वेगळे खाद्य देतात, थंडावा राखतात आणि नंतर काही आठवडे किंवा महिने ते मुरू देतात.

उलट बाजू अशी की मधातच पाणी २० टक्क्यांच्या वर असेल तर तो बरणीत आपोआप आंबतो. अन्नसुरक्षेच्या नियमातही पाण्याची मर्यादा २० टक्केच आहे. हे आम्ही पुस्तकात वाचले त्याआधी स्वतःच्या फजितीतून शिकलो होतो. काही वर्षांपूर्वी आमच्या अंगणातल्या पेटीतून घाईने मध काढला. पोळ्याच्या घरांवर माश्यांनी मेणाची झाकणे घातलेली नव्हती, पण पाऊस जवळ आला म्हणून आम्हीच उतावीळ झालो. पंधरा दिवसांनी कपाटात 'फट्' असा आवाज झाला. बाटलीचे झाकण उडाले होते, फळीवर फेस होता आणि स्वयंपाकघरभर आंबूस वास. आमचा स्वयंपाकी म्हणाला, "फादर, घरातच भट्टी लावली की काय?" तेव्हापासून आमचा नियम ठरला की चौकटीवरची निदान तीन चतुर्थांश घरे मेणाने बंद झाल्याशिवाय मध काढायचा नाही. खानापूर-जांबोटीकडच्या दमट रानात राहणाऱ्यांनी तर हे अधिकच पाळावे. पोळे पिळूनही मध काढू नये. त्यात अळ्या आणि पराग उतरतात. मध काढण्याच्या यंत्रात चौकट फिरवून काढावा, गाळावा, आणि कोरड्या काचेच्या बाटलीत भरावा.

मीडचे नाव निघाले की मठांची आठवण होतेच. जुन्या काळी वेदीवरच्या मेणबत्त्या मधमाशीच्या मेणाच्या लागत, म्हणून मठामठांतून माश्या पाळल्या जात. मेणाबरोबर मध आला आणि मधाबरोबर मीड. संत बेनेडिक्टने आपल्या नियमांच्या ४० व्या प्रकरणात मठवासीयांना रोज थोडी वाईन घेण्याची मोकळीक दिली आहे. मात्र ज्यांना ती न घेण्याचे बळ लाभले आहे त्यांचे स्थान त्याने वरचे मानले आहे. आपल्या काळातले नाव घ्यायचे तर इंग्लंडमधील बकफास्ट मठाचे ब्रदर ॲडम. जन्म १८९८, जर्मनीत. लहानपणीच ते या मठात आले आणि १९१९ साली माश्यांचे काम त्यांच्याकडे आले. त्याआधी रोगाने मठाच्या बहुतेक वसाहती मेल्या होत्या. ज्या तगल्या त्यांच्यापासून निवड करीत, देशोदेशी फिरून राणीमाश्या आणीत, त्यांनी 'बकफास्ट' नावाची माशी तयार केली. आज ती जगभर पाळली जाते. ते मीडही करीत आणि ओकच्या पिंपांत पुष्कळ दिवस मुरवीत. १९९६ साली ते वारले. पण त्याच मठात 'टॉनिक वाईन' नावाचे दुसरे एक पेय होते, आणि स्कॉटलंडमध्ये तरुण पोरांच्या दंगामस्तीशी त्याचे नाव जोडले जाऊन मठाला बरेच ऐकून घ्यावे लागले आहे. ते पेय मठात तयार झाले, यामुळे पिणाऱ्याच्या शरीरातला त्याचा परिणाम काही वेगळा झाला नाही. एकाच कुंपणात अशा दोन गोष्टी निघाल्या, आणि आम्हांला त्या बाईच्या प्रश्नाचे उत्तर देणे आणखी अवघड वाटू लागले.

आता रमकडे येऊ. मधाच्या दारूबद्दल आपण दचकतो, पण रम तर आपल्याच उसाची लेक आहे. कारखान्यात १ टन उसामागे साखर काढून झाल्यावर साधारण ४० ते ४५ किलो मळी उरते. १ टन मळीतून सव्वादोनशे लिटरच्या आगेमागे मद्यार्क निघतो. हिशेब केला तर १ टन उसामागे सुमारे १० लिटर मद्यार्क, आणि त्याची ४२.८ टक्क्यांची रम केली तर तीसेक बाटल्या. मळीत पाणी आणि यीस्ट घालून दोन-तीन दिवस आंबवतात, मग ती उकळून वाफ थंड करतात, आणि चांगली रम करायची असेल तर लाकडी पिंपांत वर्षानुवर्षे ठेवतात. १९५४ साली निघालेली 'ओल्ड मंक' ठाऊक नसलेले घर बेळगावात क्वचितच सापडेल. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आपल्या शहरात, गावोगावी निवृत्त जवान. त्यांच्या कॅन्टीनमधून रम आपल्या लग्नांत, बारशांत आणि दुर्दैवाने मयताच्या घरीही पोहोचते. बंगळूरच्या अमृत डिस्टिलरीने २०१३ पासूनच्या आपल्या एका रममध्ये गुळापासून काढलेले मद्यही मिसळले आहे. आता मळीतला मोठा वाटा पेट्रोलमध्ये मिसळण्याच्या इथेनॉलकडे जातो; २०२५ साली देशात हे मिश्रण २० टक्क्यांवर आले. तरीही आपल्या शेतातून गेलेल्या उसाचा काही अंश कुणाच्या तरी पेल्यात उतरत असेल, हे नाकारता येत नाही. कारखान्याला ऊस घातला म्हणून आजवर एकाही शेतकऱ्याने आमच्याकडे पापनिवेदन केलेले नाही.

बिअरविषयी थोडक्यात. ती सातूला मोड आणून, वाळवून, त्याचा काढा हॉप्स नावाच्या कडू फुलांबरोबर उकळून आंबवलेली असते. सातू राजस्थान-हरियाणाकडचे पीक, आपल्या शेतीशी त्याचा फारसा संबंध नाही. संबंध आहे तो एका वाक्याशी. "बिअर म्हणजे काय दारू हाय व्हय?" हे वाक्य आम्ही तरुण मुलांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले आहे की एकदा कागद घेऊन मोजूनच टाकले.

रमच्या ३० मिलीच्या छोट्या पेगात सुमारे १० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. साडेसहा टक्क्यांच्या मीडच्या ३३० मिली बाटलीत १७ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ दोन पेग. आणि ६५० मिलीच्या स्ट्राँग बिअरच्या बाटलीत, ती साडेसात टक्क्यांची धरली तर, ३८ ग्रॅम. जवळजवळ चार पेग! दोन बाटल्या पिऊन मोटारसायकल काढणारा मुलगा आठ पेग रिचवून निघालेला असतो, आणि घरचे म्हणतात, "बिअरच तर पिलाय."

यकृताला बाटलीवरचे चित्र दिसत नाही. मध औषधी म्हणून मीडही औषधी, असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. मधातली साखर जाऊन तिथे मद्यार्क आलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच मद्याला कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. तोंडाचा, अन्ननलिकेचा, यकृताचा, आतड्याचा आणि स्त्रियांच्या स्तनांचा कर्करोग त्याच्याशी जोडलेला आहे. निपाणी भागात तंबाखू आणि दारू एकत्र चालते, तिथे तोंडाचा धोका नुसत्या बेरजेपेक्षा जास्त वाढतो. जानेवारी २०२३ मध्ये याच संघटनेने सांगितले की आरोग्याला अजिबात धोका नाही असे मद्याचे कोणतेही प्रमाण दाखवता येत नाही. क्षयाच्या गोळ्या चालू असणाऱ्याने दारू घेतली तर यकृतावर दुहेरी मार बसतो. डॉट्सच्या गोळ्या अर्ध्यावर सोडून पुन्हा आजारी पडलेल्यांत पिणारे किती, हे आपल्या आरोग्यसेविकेला विचारून पाहा. मधुमेहाच्या काही गोळ्यांवर उपाशीपोटी दारू घेतली तर साखर एकदम उतरते, आणि लोक समजतात की गडी पिऊन पडला आहे. गरोदर बाईने थेंबही घेऊ नये. मधाबद्दलही एक सांगून ठेवतो: वर्षाच्या आतील बाळाला मधाचे बोट चाटवू नये. मधातल्या जंतूंच्या बीजांनी बाळाला क्वचित, पण जिवावरचा आजार होतो.

या सगळ्यापेक्षा मोठी भीती दुसऱ्याच दाराने येते. मीड कसे होते हे वाचून कुणाला घरीच खटपट करण्याचा मोह झाला तर तो विचार इथेच सोडावा. १९६५ च्या कर्नाटक अबकारी कायद्याखाली परवान्याशिवाय दारू करणे गुन्हा आहे, आणि सीमेपलीकडे महाराष्ट्रातही तसेच. काळा गूळ आणि नवसागर घालून लावलेल्या हातभट्टीचे तर नावच नको. कर्नाटकात १ जुलै २००७ पासून अराक बंद झाली, पण चोरून येणारी दारू सगळीकडून हटली असे आम्ही म्हणणार नाही. अशा दारूत जोर यावा म्हणून कारखान्यातला मिथेनॉल मिसळला जातो. तो चवीला वेगळा कळत नाही, पण १० मिली एवढ्यानेही माणसाचे डोळे जाऊ शकतात. १९८१ साली बंगळुरात विषारी दारूने तीनशेहून अधिक माणसे मेली. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईच्या मालवणीत शंभरावर गेली. दारू प्यायल्यावर काही तासांनी डोळ्यांपुढे धुके आले, पोटात दुखू लागले, श्वास जोरात चालू लागला, तर झोपवून ठेवू नये. तसेच उचलून बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात न्यावे, आणि काय प्यायले ते डॉक्टरांना खरे सांगावे. लाजेपायी वेळ गेला की माणूस जातो.

एवढे सगळे गोळा करून आम्ही त्या बाईच्या घरी गेलो. सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला आम्हांला जवळचे आणि दूरचे सहकार्य यांतला फरक शिकवला होता. तो तिला सोप्या शब्दांत सांगितला. मध ही चांगली वस्तू, विकणे हा प्रामाणिक व्यवहार, मीड करणाऱ्यांकडे सरकारी परवाना. पुढे कुणी किती प्यावे याचा निर्णय पिणाऱ्याचा. उसाचे उदाहरणही दिले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "ऊस कुठं जातोय ते दिसत न्हाई फादर. मधाचं दिसतंय की."

याला आमच्याकडे पुस्तकी उत्तर नव्हते. तिचा नवरा पडवीत बसून ऐकत होता. तो म्हणाला, "भेट म्हणून बाटली आली तर मी काय करीन, ते मलाच ठाऊक न्हाई." तिथे आम्हांला कळले की प्रश्न पापाचा कमी आणि त्या घराचा जास्त होता. आम्ही स्पष्ट सांगितले: मध विकण्यात पाप नाही, पण ज्या घरात माणूस नुकता उठून उभा राहिला आहे, त्या घराने या व्यवहारापासून दूर राहणे बरे. दुसऱ्या कुणाला आम्ही वेगळे सांगितले असते.

मग हिशेबही मांडून पाहिला, आणि खरे म्हणजे तो आधीच मांडायला हवा होता. सातेरीची पेटी वर्षाला पाच ते आठ किलो मध देते. चार पेट्यांचा मिळून वीस-तीस किलो. कारखान्याला मध लागतो क्विंटलने, एकसारख्या प्रतीचा, तपासलेला, आणि तोही घाऊक भावाने. हाच मध बेळगावात ओळखीच्या घरी अर्ध्या किलोच्या बाटलीतून विकला तर हाती कितीतरी जास्त पडतात. ज्यांच्याकडे इटालियन माशीच्या पन्नास पेट्या आहेत आणि जे त्या सूर्यफुलाच्या मागे गावोगाव हलवतात, त्यांना मीडवाल्यांचे गिऱ्हाईक सोयीचे ठरेल. त्यांनी जरूर चौकशी करावी. चार-सहा पेट्यांच्या घरांनी एकत्र येऊन बाटल्या भराव्यात, बाटलीवर फुलोरा आणि मध काढल्याची तारीख लिहावी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या भुदरगड तालुक्यातील पाटगाव 'मधाचे गाव' म्हणून पुढे आले आहे. निपाणीकडच्यांना ते लांब नाही, एकदा जाऊन पाहावे.

पेटीचे खरे उत्पन्न मात्र बाटलीत मावत नाही. काकडी, दोडका, भोपळा यांची मादी फुले माशी फिरली नाही तर गळून जातात. कंग्राळीच्या त्या बाईच्या शेजाऱ्याने यंदा आपणहून तिच्या दोन पेट्या आपल्या काकडीच्या वेलांजवळ मागून घेतल्या. तिने एकच अट घातली: फवारणी सूर्य मावळल्यावर करायची आणि आदल्या दिवशी सांगायचे. सकाळी फुलांवर औषध मारले तर संध्याकाळी पेटीपुढे मेलेल्या माश्यांचा थर पडतो, हे तिने एकदा पाहिलेले आहे. दुसरी काळजी रोगाची. १९९१-९२ च्या सुमारास थाई सॅकब्रूड नावाच्या विषाणूने दक्षिणेत सातेरीच्या असंख्य वसाहती बसल्या होत्या. अळ्या पिशवीसारख्या फुगून घरातच मरताना दिसल्या तर त्या पेटीच्या चौकटी दुसऱ्या पेटीत घालू नयेत, आणि अनोळखी ठिकाणची वसाहत तपासल्याशिवाय आणू नये.

पावसाळ्यात रानात फुले नसतात, तेव्हा पेटीत साखरेचा पाक ठेवावा लागतो. पाक चालू असताना साठलेले मध म्हणून विकू नये. ते माश्यांनाच राहू द्यावे. यंदाचा तिचा मध जांभळीच्या फुलोऱ्याचा निघाला, रंगाने गडद आणि किंचित कडवट, २३ किलो. सगळा बाटल्यांतून गेला. पेट्या रात्री हलवायच्या होत्या तेव्हा तिचा नवरा आणि आम्ही दोघे गेलो होतो. ज्यांना पेटी उघडून पाहावयाची असेल त्यांनी दिवाळीनंतरच्या कोणत्याही रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर आमच्या अंगणात यावे. काळे कपडे घालून आणि अत्तर लावून येऊ नये, माश्यांना दोन्ही आवडत नाहीत.